आकडा सव्वा मीटरचा, लाट पुरुषभर

या महिन्यात पत्रांचा रोख एकाच बाजूला आहे: खडकावर फुटणाऱ्या लाटा आणि त्यांचा अंदाज. वाळूच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलेली मंडळी आता रीफकडे, म्हणजे पाण्याखालच्या खडकाकडे, वळलेली दिसताहेत. वाळू प्रत्येक मोसमात कूस बदलते. खडक जागचा हलत नाही, म्हणून रीफचा अंदाज बांधणं एका परीनं सोपं. मात्र वाळूवर अंदाज चुकला तर नाकातोंडात पाणी जातं, खडकावर चुकला तर कातडी जाते. माझ्या उजव्या गुडघ्यावर त्याची नोंद आहे. ती कशी झाली ते पुढे येईलच.

प्रश्न : ॲपवर लाटेची उंची १.२ मीटर दाखवत होती. पाण्यात उतरलो तर लाटा डोक्यावरून जात होत्या. आधीच्या महिन्यात हाच आकडा होता तेव्हा त्या जेमतेम खांद्याला लागल्या. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय. ॲप खोटं बोलतं का? — चक्रावलेला

ॲप खोटं बोललेलं नाही. तुम्ही त्याचं अर्धंच ऐकलंत. उंचीच्या शेजारी बारीक अक्षरात सेकंद लिहिलेले असतात. एका स्क्रीनशॉटमध्ये ते ७ आहेत, दुसऱ्यात १६. सगळी गंमत त्या सेकंदांत आहे.

हे सेकंद म्हणजे लाटेचा पिरियड. एक माथा गेल्यावर दुसरा माथा त्याच जागी यायला लागणारा वेळ. खोल पाण्यात पिरियडवरून लाटेची लांबी काढता येते: सेकंदांचा वर्ग करायचा आणि १.५६ नं गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. ७ सेकंदांची लाट साधारण ७६ मीटर लांब भरते, १६ सेकंदांची ४०० मीटर. लाट आपल्या निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत पाणी हलवते. म्हणजे पहिलीला तळ लागतो ३८ मीटरवर, दुसरीला थेट २०० मीटरवर. दुसरी फार आधीपासून तळाशी घासत, वळत, मंदावत येते. पुढचा भाग मंदावला की मागचं पाणी त्याच्यावर चढतं आणि लाट उभी राहते. शिवाय समुद्रात घुसलेला खडक लांब लाटेला भिंगासारखा एका जागी गोळा करतो. खोल समुद्रात १.२ मीटर असलेली ७ सेकंदांची लाट फुटताना दीड मीटरच्या आसपास जाते, तीच १६ सेकंदांची असेल तर दोन मीटर ओलांडते. भिंगाचा हिशेब यात धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, ॲपवरची उंची ही सर्वांत मोठी लाट नव्हे. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घेऊन काढलेली ती सरासरी असते. दोन-तीन तास पाण्यात बसलात तर त्या आकड्याच्या पावणेदोनपट ते दुप्पट उंचीची एखादी लाट तुमच्याकडे यायचीच. तिच्यात नियमाबाहेरचं काही नसतं. ‘अचानक आली’ असं आपण म्हणतो ते मोजलेलं नसतं म्हणून.

मी स्वतः उंचीचा रकाना सर्वांत शेवटी वाचते. आधी पिरियड, मग दिशा, मग वारा, मग भरती. अंगाला लागलेली सवय आहे, आता सुटायची नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र. दोन वर्षं वाळूवर सर्फ केलंय, रीफवर चार-पाचदाच उतरलोय. रीफचं तोंड नैर्ऋत्येला आहे. अंदाज असा: शनिवारी १ मीटर, ७ सेकंद, पश्चिमेकडून, आणि त्याखालच्या ओळीत ०.५ मीटर, १८ सेकंद, नैर्ऋत्येकडून. रविवारी १.४ मीटर, १५ सेकंद, नैर्ऋत्य. सोमवारी १.२ मीटर, १३ सेकंद, नैर्ऋत्य. तिन्ही दिवस सकाळी वारा मंद, दहानंतर समुद्राकडून १५ नॉट. पूर्ण भरती शनिवारी ५:४०, रविवारी ६:३०, सोमवारी ७:२०. भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरचा फरक. तिथले जुने लोक म्हणतात, निम्म्याखाली पाणी गेलं की खडक दात दाखवतो. शनिवारी गर्दी नसते आणि लाटाही लहान दिसताहेत, म्हणून शनिवार ठरवतोय. बरोबर ना? — तिघे

तिघांनाही शाबासकी. इतक्या बारकाव्यानं लिहिलेलं पत्र क्वचित येतं. आणि शनिवार रद्द करा.

खालच्या ओळीतला तो अर्धा मीटर, १८ सेकंद बघा. कुठल्या तरी दूरच्या वादळानं पाठवलेल्या लाटांच्या मालिकेची, म्हणजे स्वेलची, ती आघाडीची तुकडी. लांब पिरियडच्या लाटा खोल पाण्यात जास्त वेगानं धावतात, म्हणून त्या आधी पोहोचतात. सेकंदांना २.८ नं गुणलं की लाटांचा जथा ताशी किती किलोमीटर सरकतो ते कळतं. १८ सेकंदांचा जथा ताशी ५० किलोमीटर, १३ सेकंदांचा ३६. तुमच्याकडे दोन दिवसांत पिरियड १८ वरून १३ वर उतरतोय. एवढ्यावरून वादळ किती लांब झालं तेही निघतं: सहा हजार किलोमीटरच्या आसपास. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली हाच हिशेब पॅसिफिकवर ताणून पाहिला. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी उपकरणं लावून त्यांनी दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा माग काढला. तुम्ही घरबसल्या पेन्सिलीनं तेच करू शकता.

यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. हे वादळ पाचेक दिवसांपूर्वी होऊन गेलेलं आहे आणि लाटा वाटेवर आहेत. असा अंदाज बराच भरवशाचा. दहा दिवसांनी होणाऱ्या, अजून जन्मालाही न आलेल्या वादळाच्या लाटा ॲपवर रंगवलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर रजा टाकू नये. ऑलिंपिकवालेसुद्धा टाकत नाहीत. २०२४ ची सर्फिंग स्पर्धा ताहितीच्या तेआहुपो रीफवर झाली. लढतींना चारच दिवस पुरणार होते, मुदत मात्र २७ जुलै ते ५ ऑगस्ट अशी राखून ठेवली होती.

आता शनिवार धोक्याचा का? आघाडीच्या लाटा थोड्या असतात आणि खूप खंड पडून येतात. मधल्या वेळात तुम्हाला दिसणार ती फक्त पश्चिमेची ७ सेकंदांची खळबळ. ती खडकावर कशीबशी फुटते, आणि वाटतं, आज काही नाही. मग माणूस कंटाळून आत-आत सरकत उथळ पाण्यावर जाऊन बसतो. माझं नेमकं हेच झालं. १.१ मीटर, १७ सेकंद. चाळीस मिनिटं पाणी ताटात ठेवल्यासारखं. मी सरकत-सरकत खडकाच्या आतल्या ओट्यावर जाऊन बसले. तेवढ्यात क्षितिजावर एक रेघ जाड झाली. पाच लाटांचा सेट होता. पहिली कशीबशी ओलांडली. दुसरीनं फुटण्याआधी माझ्या खालचं पाणी एवढं ओढून घेतलं की खडकावरचं शेवाळ उघड्यावर आलं. पुढचं गुडघ्याला विचारा.

रविवारी लाट देखणी असेल, पण ती तुमची नाही. १.४ मीटर, १५ सेकंद म्हणजे फुटताना सव्वादोन मीटर, सेटमध्ये त्याहून मोठी. किनाऱ्यावर बसून बघा, वही घेऊन. सेट किती मिनिटांनी येतात, सराईत लोक कुठून आत शिरतात, कुठे थांबतात, कुठून बाहेर पडतात, हे सगळं लिहून काढा. पाण्यात उतरून तासाभरात जे कळत नाही ते वरून वीस मिनिटांत कळतं.

सोमवार तुमचा. लाट उतरत आलेली, सेट जास्त नियमित, आणि मुख्य म्हणजे पाणी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, वारा मात्र आपली वेळ पाळतो. रात्री जमीन थंड झाली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि लाटेचा चेहरा धरून ठेवतात. ऊन तापलं की खारे वारे उलटे सुटतात आणि लाट विस्कटते. तुमच्याकडे हा बदल दहाला आहे. शनिवारी भरती पहाटेच लागून गेलेली, साडेआठ-पावणेनऊलाच पाणी निम्म्यावर. सोमवारी ७:२० ला भरती. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन. म्हणजे ९:२० पर्यंत पाव भागच उतरलेला, जेमतेम अर्ध्या मीटरनं. साडेसहाला उतरा, साडेनऊला बाहेर. तिसरा तास सर्वांत झपाट्यानं पाणी नेतो, ‘अजून एकच लाट’ म्हणणाऱ्याला तिथेच पकडतो.

जाता जाता एक: भरतीच्या तक्त्यात हवेचा दाब धरलेला नसतो. दाब नेहमीपेक्षा १० हेक्टोपास्कलनं जास्त असेल तर समुद्र सुमारे १० सेंटिमीटरनं दबतो. वाळूवर या दहा सेंटिमीटरची कुणी दखलही घेत नाही. खडकावर बोर्डाच्या फिनला, म्हणजे तळाच्या पात्याला, विचारा.

प्रश्न : दर सातवी लाट मोठी असते हे खरं का? — कुतूहल म्हणून

नाही. जवळजवळ सारख्या पिरियडच्या लाटांच्या रांगा एकमेकींवर पडतात. माथ्यावर माथा आला की सेट, माथ्यावर खळगा आला की शांतता. कधी चौथी मोठी, कधी अकरावी. मोजायचंच असेल तर दोन सेटमधली मिनिटं मोजा आणि निदान अर्धा तास मोजल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. आता रीफवर जायचं म्हणतोय. मला पोहतासुद्धा येत नाही, अंदाजातलं तर काहीच कळत नाही. त्याला निघण्यापूर्वी मी काय विचारू? — एका मुलाची आई

ताई, ‘लाट केवढी आहे’ हे विचारू नका, तो ‘लहान आहे’ असंच सांगणार. ‘बाहेर कुठून येणार?’ हे विचारा. बहुतेक रीफना शेजारी एक खोल वाट असते. लाटांनी खडकावरून आत ढकललेलं पाणी त्या वाटेनं परत समुद्रात जातं. समुद्रात जाताना ती वाट सोयीची. किनाऱ्याकडे परत येताना तिच्याशी झगडणारा दमतो, आडवा काटून निघणारा सुटतो. मोठ्या पिरियडच्या दिवशी सेट येऊन गेल्यावर हा ओढा फारच जोर धरतो. मुलानं ती वाट बोटानं दाखवली, पाणी किती वाजेपर्यंत पुरेल ते सांगितलं आणि सोबत कोण आहे तेही सांगितलं, तर त्यानं अभ्यास केलाय असं समजा. गप्प राहिला तर त्या दिवशी वाळूवर पाठवा.

पडण्याची रीतही विचारा. रीफवर सूर मारायचा नाही, पाय खाली सोडून उभंही राहायचं नाही. अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर उथळ पडायचं आणि वर येताना हात डोक्याभोवती. हेल्मेट घातलं तर मित्र हसतील, हसू द्या. प्रवाळानं कापलं तर जखम लहान दिसते, पण आत कण राहतात आणि ती चिघळते. स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवायची, कण काढायचे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं. आठवत नसेल तर डॉक्टरांकडे.

प्रश्न : १.८ मीटर, १४ सेकंद, आग्नेय. एवढा जोरदार अंदाज बघून पहाटे गेलो, तर रीफ झोपलेला. आमची रीफ पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिच्या दक्षिणेला लांब भूशिर. आग्नेयेकडे जाणाऱ्या लाटा आमच्या खडकावर तिरक्या का होईना, यायला हव्या होत्या. — झोपमोड

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ‘आग्नेय’ म्हणजे आग्नेयेकडे जाणारी नव्हे, आग्नेयेकडून येणारी. वारा आणि लाट यांना ज्या दिशेकडून येतात त्या दिशेचं नाव देतात. समुद्रातल्या प्रवाहाला मात्र जिकडे जातो तिकडचं. कुणी ठरवलं कोण जाणे, पण नवशिक्यांची झोपमोड करायला पुरेसं आहे. तुमच्याकडे ती लाट भूशिराच्या पाठीवर आदळली आणि तुम्ही त्याच्या आडोशाला उभे होतात. वळून थोडी आली असेल ती गुडघाभर.

ॲपचा दोष इतकाच की ते समुद्राचे मोठाले चौकोन पाडून हिशेब करतं. त्या चौकोनात तुमचं भूशिर मावत नाही, खडक तर नाहीच. जवळ एखादा बोया (लाटा मोजणारं तरंगतं उपकरण) असेल तर त्याचे मोजलेले आकडे बघा, तरी तोही खुल्या समुद्राचंच सांगणार. आणि प्रत्येक रीफची कुंडली वेगळी. ताहितीला भरती-ओहोटीत जेमतेम फूटभर फरक पडतो, शिवाय भरती रोज दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारासच येते. तिथे सगळा खेळ दिशेचा. दुसरीकडे दिशा ठीक असते आणि भरतीचा एक तास चुकला म्हणून दिवस वाया जातो.

तेव्हा नकाशा घ्या, रीफवर बोट ठेवा आणि खुलं पाणी कोणत्या अंशापासून कोणत्या अंशापर्यंत दिसतं ते मोजून मला कळवा. भूशिर किती लांब आहे तेही लिहा. पुढच्या अंकात तुमच्या खडकाला कोणती लाट जागं करते ते बघू.