तीस वेळा निवडून आले, मग साठ वर्षं का नाहीत?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने अमेरिकेचे खासदार जॉन डिंगेल निवडलेत. मुदत दोन वर्षांची आणि निवडून आले तीस वेळा, म्हणजे साठ वर्षं व्हायला हवीत. पण सगळीकडे 59 दिलंय. शिवाय वडिलांचीच जागा मुलाला कशी मिळाली? नेमणूक झाली का?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : चूक पहिल्या खेपेत आहे. जॉन डिंगेल सीनियर 1933 पासून मिशिगनचे खासदार होते. सप्टेंबर 1955 मध्ये, मुदत अर्धीही झालेली नसताना ते वारले. मुलगा पोटनिवडणुकीत निवडून आला. त्याचं सदस्यत्व 13 डिसेंबर 1955 पासून धरतात. ती मुदत 3 जानेवारी 1957 ला संपली, म्हणजे ही खेप अवघी 1 वर्ष 21 दिवसांची. पुढे 1956 ते 2012 या काळात 29 निवडणुका, त्यांची 58 वर्षं. एकूण 59 वर्षं 21 दिवस. प्रकल्पात नुसता आकडा न देता ही बेरीजच मांडा.

नेमणूक झाली नाही, होऊच शकत नाही. सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, जागा रिकामी झाली तर बऱ्याच राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतात. डिंगेल होते त्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे प्रतिनिधिगृहासाठी, मात्र राज्यघटनेनुसार निवडणूकच घ्यावी लागते. मार्च 2023 मध्ये गिरीश बापट गेल्यावर पुण्याची जागा 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी होती, हे आठवून पाहा. तिथे तीन महिन्यांत नवा खासदार आला. आडनावाचा फायदा अर्थातच झाला.

पण पुढची वाट बिनधोक नव्हती. खरा धोका असायचा स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी झाली, मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि 2002 मध्ये डिंगेल यांना पक्षाच्याच खासदार लिन रिव्हर्स यांच्याशी लढावं लागलं. ज्येष्ठताही कायमची ढाल ठरली नाही. ऊर्जा आणि वाणिज्य समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे 1981 ते 1995 आणि पुन्हा 2007 पासून होतं. नोव्हेंबर 2008 मध्ये पक्षाच्या खासदारांनी 137 विरुद्ध 122 मतांनी ते हेन्री वॅक्समन यांना दिलं.

मुलीने हातोड्याला मात्र जागा द्यावीच. वडिलांनी 1943 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक मांडलं होतं. मुलगा दर नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी निवडून येणाऱ्या नव्या संसदेत, तसंच विधेयक मांडत राहिला. ते कधीच मंजूर झालं नाही. 1965 मध्ये वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सभागृहात मंजूर झाली, तेव्हा सभापतींच्या आसनावर डिंगेल होते. हातातला तो लाकडी हातोडा त्यांनी जपला आणि मार्च 2010 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावरच्या मतदानासाठी सभापती नॅन्सी पेलोसी यांना वापरायला दिला.

जुन्या पुस्तकात सर्वाधिक काळ अमेरिकी संसदेत राहिलेले विक्रमवीर म्हणून रॉबर्ट बर्ड यांचं नाव सापडेल. दोन्ही सभागृहं धरून त्यांची 57 वर्षं होती. डिंगेल त्यांच्या पुढे गेले ते जून 2013 मध्ये. पुस्तकाचं साल बघूनच नाव उतरवा.