गोखल्यांनी नेमकं केलं काय?

'गांधीजींचे गुरू आणि अर्ज-विनंत्या करणारे मवाळ, याखेरीज गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केलं काय?' असं तुम्ही विचारलंय. शाळेत आपल्याला तेवढंच शिकवतात, त्यामुळे तुमचा दोष नाही.

जन्म १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाला १५ रुपयांची नोकरी लागली. त्यातले ८ रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायचा. पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी, शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तक, आणि न्यायमूर्ती रानड्यांकडे कसून तालीम.

१८९७ मध्ये मात्र ते तोंडावर आपटले. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांनी विलायतेत पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर सांगितलं. परतल्यावर पुरावा मिळेना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं न सांगता त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात छी-थू झाली. माझ्या मते पुढचे गोखले या फजितीतूनच घडले: हातात आकडा असल्याशिवाय बोलायचं नाही.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या कौन्सिलात, म्हणजे देशाच्या कायदेमंडळात, सरकार शिलकी अंदाजपत्रक मिरवत होतं. गोखले उठले आणि म्हणाले, ही शिल्लक भरभराटीची नव्हे, दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. आणि ते सरकारच्याच आकड्यांवरून दाखवलं! मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. ते दरवर्षी त्यावर बोलत राहिले. १९०७ पर्यंत तो एक रुपयावर आला. श्रेय एकट्या त्यांचं नाही, पण मवाळ म्हणून हिणवताना हे आठवावं.

१९०५ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद आणि भारत सेवक समाजाची स्थापना, हे कुठेही वाचायला मिळेल. मला जास्त मोलाचं वाटतं ते १९११ चं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, तीही स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच. खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सरकारने उचलावा आणि महिना १० रुपयांहून कमी मिळवणाऱ्या बापाकडून फी घेऊ नये, असं त्यात होतं. भावाच्या ८ रुपयांवर शिकलेल्या माणसाला १० रुपयांत घर कसं चालतं हे कुणी सांगायला नको होतं.

१९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते पडणार, हे गोखल्यांनी मतदानाआधीच कौन्सिलात शांतपणे सांगून टाकलं होतं.