पापुआ न्यू गिनीला जायचं म्हणतेस, तर

सलाम.

तू विचारलंस ते थोडक्यात असं: तू फलटणची, नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केलेली. नवरा बारामतीला विमानांच्या देखभालीच्या कामात. पापुआ न्यू गिनीतल्या एका मिशन दवाखान्यातून तुला बोलावणं आलंय, आणि तिथल्याच मिशनच्या विमानसेवेतून त्याला. मुलगी तिसरीत. कागद कोणते लागतात, पैसे पुरतात का, मुलीच्या शाळेचं काय, विमानं सुरक्षित असतात का, आणि एकटं वाटतं का. मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

व्हिसा, लसी, फी हे सगळं तुला त्यांच्याकडून लेखी मिळेल. ते मी सांगत बसत नाही. जे कुणी लिहून देणार नाही ते सांगते, कारण तुझे अर्धे प्रश्न मी अजून स्वतःलाच विचारते आहे.

मी मिरजेची. आजी मिशन हॉस्पिटलात आया होती, आई स्टाफ नर्स, मी तिथंच शिकले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेला दवाखाना, आणि त्याच्या व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक चटया टाकून झोपलेले, हे माझ्या डोळ्यांपुढचं बालपण. आमच्या घरात सेवा हा शब्द निघाला की पुढं कुणी वाद घालत नसे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी आहे ती जागा वेस्टर्न प्रांतातली, फ्लाय नदीच्या बाजूची. इथून राजधानीला, पोर्ट मोर्स्बीला, रस्ताच नाही. डोंगराळ भागात माउंट हेगनपर्यंत लाए बंदरातून हमरस्ता येतो, पण आमच्याकडून तिथंही रस्ता नाही. नदी किंवा विमान. तू साताऱ्याकडची, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या बाईला बामणोलीपर्यंत लाँचमधून आणताना पाहिलं असशील तर तुला थोडी कल्पना येईल. फक्त इथं पलीकडच्या काठावर १०८ उभी नसते.

लोकांना वाटतं विमान आलं की झालं. विमान हा मधला तुकडा आहे. सेस्ना कॅरव्हॅन म्हणजे एका इंजिनाचं, दहा-बारा माणसांचं विमान. सकाळी ते मीठ, साबण, शाळेची पुस्तकं, एखादा शिक्षक घेऊन निघालेलं असतं. मग डोंगरातल्या कुठल्यातरी उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकाचा रेडिओवर निरोप येतो: बाळ झालं, वार पडली नाही, रक्त थांबत नाही. तळावरची माणसं बघतात की जवळ कुठलं विमान आहे, त्यातून कुणाला उतरवायचं, इंधन किती. सीट काढून स्ट्रेचर बसवतात. गावकरी पट्टीवरची डुकरं हाकलतात. पट्टी म्हणजे डोंगराच्या अंगावरचा गवताचा उतार. बऱ्याच ठिकाणी चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं. एका ठरावीक जागेच्या पुढं आलं की विमान परत वर काढता येत नाही, म्हणून उतरायचं की नाही ते वैमानिकाला त्याच्या आत ठरवावं लागतं.

दुपारनंतर डोंगर ढगात जातात. रात्री उड्डाण नाही, त्या पट्ट्यांवर दिवेच नाहीत. म्हणजे संध्याकाळी चारला निरोप आला तर ती बाई उद्या उजाडेपर्यंत टिकवायची, आणि ते काम तुझं. बाळंतपणानंतर धो धो रक्त जायला लागलं तर दोन तासांतही बाई हातची जाते, हे तुला माहीत आहे. तू तिथं नसतेस. रेडिओवरून किंवा फोनची रेंज असेल तर फोनवरून तिथल्या माणसाला सांगत राहतेस: लघवीची पिशवी रिकामी कर, गर्भाशय चोळत राहा, ऑक्सिटोसिन आहे का, फ्रिज चालू होता का, बाळाला छातीला लाव, हात काढू नकोस. तो माणूस कधी कधी विशीतला असतो. मिरजेत लेबर रूममध्ये सिस्टर ओरडायच्या तेव्हा मला राग यायचा. इथं त्यांचे शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडून जातात, आणि चालतात.

विमानात कोण बसणार हाही प्रश्न असतो. प्रत्येकाचं वजन होतं, पिशवीचंसुद्धा. बाईबरोबर कुणीतरी हवंच: स्वयंपाकाला, बाळ धरायला, आणि रक्त द्यायला, कारण आमच्याकडे रक्तपेढी म्हणजे नातेवाईकच. एक किलो जास्त झालं की एक माणूस उतरतो. आणि बरी झाल्यावर ती परत कशी जाणार याचा कुणी विचार केलेला नसतो. परतीच्या जागेसाठी बायका आठवडेच्या आठवडे दवाखान्याच्या आवारात थांबतात, घरची रताळ्याची शेती तशीच सोडून. मेलेल्याला गावी न्यायलाही विमानच लागतं. तुझा नवरा इंजिनांत रमलेला माणूस असेल, पण या गोष्टी त्यालाही आधीच कळू देत.

तो सुरक्षिततेचं विचारतोय, ते बरोबर विचारतोय. मिशन एव्हिएशन फेलोशिप या मिशनच्या विमानसंस्थेची सुरुवात १९४५ ची, दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची. त्यांचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये बेटी ग्रीन या बाईनं मेक्सिकोला केलं. या देशात ते १९५१ ला आले आणि त्याच वर्षी हॅरी हार्टविग हा त्यांचा वैमानिक डोंगरात विमान कोसळून गेला. तरी काम थांबलं नाही. आज इंजिनं चांगली आहेत, नियम कडक आहेत, आणि ढग बघून मागं फिरलेल्या वैमानिकाला कुणी बोल लावत नाही. विमान मागं फिरलं की खाली वाट बघणारे रडतात, हेही खरं. तुझ्या नवऱ्याच्या हातून सही झालेलं विमान उडणार आहे. ज्याला घाईतही नाही म्हणता येतं त्यानंच यावं. तो तसा असेल तर मला काळजी नाही.

आता कागद. यावर मी पुष्कळ लिहू शकेन आणि लिहिणारच आहे. आपल्याकडं दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. माझी नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावानं होती, पासपोर्ट सासरच्या, आणि अनुभवाच्या दाखल्यावर टाईप करणाऱ्यानं दोन्ही आडनावं जोडून टाकलेली. कागदोपत्री मी तीन बायका झाले. एका कचेरीत मला सांगितलं, नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट आणा. गॅझेट नेलं तर म्हणाले, प्रतिज्ञापत्र. ते नेलं तर ज्या बाई ते बघायच्या त्या रजेवर. सांगलीहून मुंबईला रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी स्टेशनवरच तोंड धुवायचं, खिडकीसमोर उभं राहायचं आणि ‘उद्या या’ ऐकून परतायचं. एक अख्खा पावसाळा त्यात गेला. इतकी वर्षं झाली, आजही ती खिडकी आठवली की माझे कान तापतात. म्हणून सांगते: आजच सगळे कागद ओळीनं मांड आणि प्रत्येकावरचं तुझं नाव मोठ्यानं वाच. जिथं फरक दिसेल तिथून काम सुरू कर, व्हिसाच्या फॉर्मपासून नव्हे. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं आहे तेही बघ.

पैशाबद्दल विचारायला लाजलीस असं वाटलं. लाजू नकोस. मिशनच्या विमानसेवांमध्ये बऱ्याचदा बाहेरून आलेल्या कुटुंबाचा खर्च त्याच्या मायदेशातल्या मंडळ्या, म्हणजे चर्च, उचलतात. ऑस्ट्रेलियाच्या किंवा अमेरिकेच्या माणसाला ते जमतं. आपल्या मंडळीत पाळकांचा पगार वेळेवर होताना मारामार, तिथं दर महिन्याला तुमच्या कुटुंबासाठी कोण देणार? तेव्हा स्पष्ट विचारा: तुझा पगार दवाखाना देणार की सरकार, त्याचा कोण देणार, आणि देणारे थांबले तर काय. ‘प्रभू पुरवील’ हे मीही मनापासून मानते. पण ते तू म्हणायचं, तुला कामाला ठेवणाऱ्यानं नव्हे.

आता शाळा. इथं मला सावकाश लिहावं लागेल.

माझा मुलगा लहानपणीच इथं आला. आधी घरीच शिकवला. मग मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेच्या हॉस्टेलला ठेवला, डोंगराळ भागात, विमानानंच जाता येईल इतक्या लांब. शाळा चांगली होती. सुट्टीला मुलांना आणायला विमान ठरलेलं असायचं. एका नाताळाला तो नऊ वर्षांचा असताना पिशवी भरून मुलांबरोबर पट्टीवर बसला होता. मी इकडं करंज्या केल्या होत्या. ओल्या नारळाच्या, कारण खोबरं मिळत नाही. त्या सकाळी रेडिओवर मीच होते. वरच्या गावातून निरोप आला, जुळ्याचं एक बाळ झालेलं, दुसरं आडवं. जवळचं विमान एकच होतं, मुलांना आणायला निघालेलं. मी ते मागितलं. बाई आली, ऑपरेशन झालं, तीही जगली आणि दोन्ही बाळंही. त्यानंतर डोंगर ढगात गेले ते काही दिवस उघडलेच नाहीत. माझा मुलगा घरी आला तेव्हा नाताळ होऊन गेला होता.

आल्या आल्या त्यानं विचारलं, “ती बाई जगली का?” मी हो म्हटलं. तो “बरं” म्हणाला आणि करंजी खाल्ली. विमान मी मागितलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तो आता पुण्यात कॉलेजात आहे, अजून सांगितलेलं नाही. उद्या तसाच निरोप आला तर मी पुन्हा तेच विमान मागेन. म्हणूनच काय सांगायचं ते मला कळत नाही.

सहावी झाल्यावर त्याला सांगलीला आईकडं पाठवला, निदान दहावी तरी आपल्यात होऊ दे म्हणून. तिथल्या शाळेनं आधी शाळा सोडल्याचा दाखला मागितला, आपल्या नमुन्यातला. मग सरल या शाळांच्या सरकारी नोंदीतला विद्यार्थी क्रमांक मागितला. जो मुलगा तिथल्या कुठल्याच शाळेत नव्हता त्याचा नंबर कुठून असणार? माझी म्हातारी आई हेलपाटे घालत राहिली. शेवटी त्याला एक वर्ष मागं बसवलं. मराठी त्याला बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं. बाईंनी त्याचा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला, चुकांसकट, आणि पोरं हसली. त्या दिवसापासून तो माझ्याशी फोनवर इंग्रजीतच बोलतो. ज्या मुलानं आपला नाताळ एका अनोळखी बाईला दिला, त्याला निबंध वाचून हसलेलं मला सहन होत नाही. त्या बाईंना मी भेटले नाही. भेटले असते तर काय बोलले असते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुझी मुलगी तिसरीत आहे, म्हणजे तुझ्याकडं वेळ आहे. इथं आल्यावरही तिला रोज अर्धा तास मराठी लिहायला लाव. वाचन नव्हे, लिखाण. येण्याआधी तिच्या शाळेतून दाखला घेताना विद्यार्थी क्रमांक उतरवून घे आणि त्या कागदाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेव. आणि परत कधी आणायचं ते आत्ताच ठरव, इथं आल्यावर नको. आल्यावर ठरत नाही. रोज कुणीतरी मरणाच्या दारात असतं, त्यापुढं पोरीची प्रवेश परीक्षा फार लहान दिसते. दवाखाना सोडून चार दिवस पोरीकडं जाते असं म्हणायला जीभ उचलत नाही. इथं तुला कुणी अडवणार नाही, तूच स्वतःला अडवशील.

एकटेपणा. येतो. रविवारी जास्त येतो, कारण उपासना दुसऱ्या भाषेत असते आणि आपल्या चाली कानांत घोळत राहतात. बागेत काम करायचं, शेजारणीकडं जाऊन बसायचं. या बायका माणसाला एकटं बसू देत नाहीत. याहून जास्त त्यात काही नाही.

आईवडिलांचं मात्र बघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आई शेजाऱ्यांच्या माडीवर होती आणि मी इथं फोन धरून बसले होते. त्याच दिवशी आम्ही साप चावलेल्या एका पोराला आणायला विमान पाठवलं. आईसाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलानं होडी नेली. त्या मुलाला मी अजून शोधते आहे. इथून निघून सिंगापूर किंवा मनिला करत घरी पोचायला दिवस लागतात, तेही आमच्या पट्टीवरून पोर्ट मोर्स्बीचं विमान मिळालं तर. आजारपणात घरी जाण्याची रजा आणि तिकीट कोण देणार, हे करारात लिहून घे.

ये असं मी म्हणते का? तुझ्या हातांची इथं गरज आहे, हे मी शपथेवर सांगेन. पण सेवेचं नाव घेऊन कुणी घाई करायला लागलं तर थांब. मुलीच्या शाळेचं, सुट्टीच्या विमानातल्या तिच्या जागेचं आणि तुझ्या रजेचं उत्तर लेखी येईपर्यंत फलटणची नोकरी सोडू नकोस. सुट्टीचं विमान वळवावं लागलं तर मुलांना दुसऱ्या कुठल्या वाटेनं आणणार, हेही विचार. मी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा असा प्रश्न मनातही आला नव्हता.

नवऱ्याच्या लायसन्सबद्दल इथल्या एका इंजिनिअरच्या बायकोला विचारून ठेवलंय. शनिवारी रेडिओवर ती भेटेल, मग लिहिते.