नाताळच्या भेटी कमी कशा कराव्यात?

प्रश्न : नाताळला आम्ही 8 मोठी माणसं आणि 4 मुलं एकत्र जमतो. सगळे सगळ्यांना भेट देतात. खर्च आणि धावपळ कमी कशी करावी, तेही कुणाला न दुखावता?

उत्तर : मोठ्यांनी एकमेकांना दिलेल्या भेटीच 56 होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची ठरवली, तर 8 पुरतात. मुलांना यात घेऊ नका. प्रत्येक मुलाला सगळ्यांची मिळून एकच भेट द्या.

डब्यातून चिठ्ठी उचलण्याची पद्धत मात्र फसवी आहे. शंभरात साधारण 63 वेळा कुणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्यापेक्षा नावांच्या चिठ्ठ्या पिसून गोलाकार मांडा. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याला भेट द्यायची. नवरा-बायको शेजारी आले तर एक चिठ्ठी हलवा. हे काम मोठ्या मुलाकडे सोपवा, गुपित राहतं (आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा बरं राखतात).

रकमेची फक्त वरची मर्यादा ठरवली की कुणी अगदीच स्वस्तातलं आणतं, कुणी मर्यादा गाठतं, मग कुरबुर. म्हणून किमान आणि कमाल दोन्ही ठरवा. चिठ्ठीवर हव्या असलेल्या 3 वस्तू लिहून घ्या. चिठ्ठ्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टाका. डिसेंबरात सुचवलंत, तर निम्म्यांची खरेदी उरकलेली असते आणि दुखावतात ते तेच.