पीएफटीचा (फुफ्फुसांच्या फुंकर-तपासणीचा) रिपोर्ट हातात आल्यावर

ताई, लाल आकडे बघून आधीच हातपाय गाळू नका. पहिलं बघायचं ते एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेली हवा) आणि एफव्हीसीचं (पूर्ण फुंकरीत सोडलेली एकूण हवा) गुणोत्तर. पंपाचं औषध देऊनही ते ०.७०च्या खाली असेल तर श्वासनळ्या अरुंद झाल्याची शंका येते. गुणोत्तर ठीक पण एफव्हीसी कमी, तर भानगड वेगळी. कधीकधी नुसती फुंकरच अर्धवट सुटलेली असते. टेक्निशियन 'अजून, अजून, सोडा!' ओरडतो ते उगाच नाही. निदान ३ नीट फुंकरी लागतात, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलीहून जास्त फरक नको. डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो त्याचं माप) कमी असेल तर हिमोग्लोबिन विचारात घेतलंय का ते विचारा, कारण रक्त कमी असलं की तोही घसरतो. घोडबंदर रोडला राहताय, धुळीचं डॉक्टरांना सांगाच. जुना रिपोर्ट असला तर सोबत न्या. मात्र ओठ निळसर पडले किंवा बोलतानाही धाप लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.