पालकांचे प्रश्न : ताटापुढचा मोबाइल, उशिरा येणारे बाबा आणि घरातला अबोला

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. चारही पत्रांत तक्रार मुलाची आहे, उत्तरं मात्र बरीचशी मोठ्यांना उद्देशून आहेत. त्याला इलाज नाही.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे सकाळी आठला निघतो आणि परतायला रात्रीचे आठ वाजतात. दिवसभर सासूबाई सांभाळतात आणि मोबाइलवर कार्टून लावून भरवतात. रात्री मी मोबाइल काढून घेतला की तो लोळण घेतो. सासूबाई म्हणतात, "दे गं, चार घास तरी पोटात जातील." यावरून रोज वाद होतो.
– एक आई, कासारवडवली

उत्तर : आधी सासूबाईंची बाजू. उतारवयात रोज बारा तास लहान मुलामागे धावायचं म्हणजे जीव थकतो. जेवणातला मोबाइल हा त्यांचा अर्ध्या तासाचा विसावा आहे. तो बंद करायचा तर बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. संध्याकाळी दोन तास पाळणाघर, वरकामाच्या बाईंना एक तास जास्त, किंवा तुमच्यापैकी एकाने आठवड्यातून दोन दिवस लवकर घरी येणं, यातलं काय जमतं ते पाहा. नुसता नियम सांगितलात तर तो तुम्ही लिफ्टमध्ये शिरेपर्यंतच टिकेल.

दोन माणसांचे दोन नियम असले म्हणून मूल बिघडत नाही. आजी दुपारी लाडू देते, आई देत नाही, हे साडेचार वर्षांच्या मुलाला छान कळतं. खरी अडचण एकाच ताटावर एकीचा शब्द दुसरी फिरवते तेव्हा होते. आई नाही म्हणाली, दहा मिनिटं रडलो, आजीने मोबाइल दिला. म्हणजे दहा मिनिटं रडायचं असतं, एवढं तो शिकला. त्यात रडून कधी मिळतं आणि कधी नाही, असं झालं तर हट्ट आणखी चिवट होतो, कारण आज नाही तर उद्या मिळेल ही आशा सुटत नाही. म्हणून 'फक्त आजच्या दिवस' हे सगळ्यात महागात पडतं.

आधी मोठ्यांचं एकमत होऊ द्या. हे बोलणं तुमच्या यजमानांनी त्यांच्या आईशी करायचं, तेही मूल झोपल्यावर. तुमच्या तोंडून तीच गोष्ट उणं काढल्यासारखी वाटण्याची शक्यता जास्त. मागायचं एकच : जेवताना मोबाइल नाही. झोपेची वेळ, सुरक्षितता आणि हा एक नियम सोडून बाकीच्या गोष्टींत, म्हणजे कुठले कपडे, दुपारी काय खेळायचं, लाडू किती, त्यांचा शब्द चालू द्या. तसं त्यांना स्पष्ट सांगाही.

सुरुवात शनिवारी रात्रीच्या जेवणापासून करा, कारण तेव्हा तुम्ही दोघं घरी असता. दुपारचं जेवण आठवडाभर आहे तसंच राहू द्या. जेवणाआधी अडीच-तीन तास दूध, बिस्किटं, वेफर्स काही नको, फक्त पाणी. दिवसभराचं दूध ४०० ते ५०० मिलीच्या वर गेलं तर भूक मरते, आणि 'हा जेवतच नाही' असं म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत खरं कारण तेच निघतं. सगळ्यांचे मोबाइल, बाबांचाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. ताटात थोडंच वाढा. प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा हा ढोबळ अंदाज धरला तर चार-पाच चमचे वरणभात, तेवढीच भाजी आणि वर अर्धी पोळी, एवढं त्याला पुष्कळ झालं. काय आणि कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. वीस ते तीस मिनिटांनी, न रागावता, ताट उचला. पुढचं खाणं पुढच्या वेळेलाच.

पहिले काही दिवस आरडाओरडा कमी होण्याऐवजी वाढेल. आजवर चालणारी युक्ती चालेना, की मूल ती आणखी जोर लावून करून बघतं. बहुतेक घरं नेमकी इथे माघार घेतात, म्हणून सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. एखाद्या जेवणाला तो दोनच घास खाईल. वजन नीट वाढत असेल तर चिंता नको. वजन वाढायचं थांबलं असेल, घास वारंवार अडकत असेल किंवा तो मोजके तीन-चार पदार्थच खात असेल, तर मात्र हा हट्टाचा प्रश्न नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी सकाळी पावणेआठला घर सोडतो, रात्री साडेनऊला येतो. अडीच वर्षांची मुलगी माझ्याकडे येतच नाही, "आईच पाहिजे" म्हणते. रोज काहीतरी खाऊ आणतो, तेवढ्यापुरती येते. वाईट वाटतं.
– एक बाबा, कळवा

उत्तर : वाईट वाटणं साहजिक आहे, पण ती तुम्हाला नाकारत नाहीये. या वयात मूल ज्याच्या प्रतिसादाची खात्री असते त्याच्याकडे धावतं. ती खात्री फक्त तासांवर ठरत नाही. शाफर आणि इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ६० बाळांची पाहणी केली आणि ती १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. बऱ्याच बाळांना जास्त वेळ सोबत असणाऱ्यापेक्षा, आपल्या हालचालींना चटकन आणि नेमका प्रतिसाद देणाऱ्या माणसाचा जास्त लळा होता, असं त्यांना दिसलं.

खाऊ बंद केला नाहीत तरी चालेल, पण त्याच्यावर भिस्त नको. तिचं रोजचं एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. तुमच्या वेळापत्रकात सकाळच बसते : उठवणं, दात घासणं, दूध. त्या वेळी आईने स्वयंपाकघरात डब्याच्या मागे असावं, दारात उभं राहून "अहो, तसं नाही, असं धरा" म्हणू नये. आठवडाभर रडारड होईल. रडली तर तुम्हीच जवळ घ्या, अगदीच आवरेना तर आईला बोलवा, पण तुम्ही तिथून उठू नका. शिवाय रोज दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर बसून ती खेळेल ते खेळा. ती ठोकळा ठेवेल, तुम्ही "अरे वा, लाल ठोकळा वर गेला" म्हणा. "हा कुठला रंग? सांग बघू" ही परीक्षा त्या वेळात नको.

तुमच्यासाठी तिला रात्री जागवू नका. या वयात दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणतो. शाळेत काही त्रास नाही, विचारलं. आमचं नवरा-बायकोचं पटत नाही, पण त्याच्यासमोर आवाज चढवत नाही. फार तर चार-चार दिवस बोलत नाही.
– एक आई, नेरूळ

उत्तर : आधी डॉक्टर. वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, दुखण्याने रात्री झोपेतून उठणं किंवा बेंबीपासून दूर एकाच ठिकाणी दुखणं, यातलं काही असेल तर लगेच. यातलं काही नसेल आणि तपासणीत काही निघालं नाही, तरी 'नाटक करतो' म्हणू नका. ताणामुळे पोट खरंच दुखतं.

वन बीएचकेमध्ये अबोला लपत नाही. भांडी जरा जोरात ठेवली जातात, "बाबांना सांग, जेवण वाढलंय" असे निरोप मुलाच्या हाती जातात. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञाने मुलांना मोठ्यांच्या वादाचे प्रसंग दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया टिपल्या. न बोलता दाखवलेला रागही मुलांना अस्वस्थ करत होता, आणि वाद मिटलेला दिसला की ती अस्वस्थता बरीच उतरत होती. अर्धवट मिटला तरी फरक पडत होता. तेव्हा वाद होऊच नये असा पण करण्यात अर्थ नाही. तो निभणार नाही. मिटतो कसा, हे त्याला दिसू द्या.

निरोप्याचं काम आजपासून बंद. बोलायचंच नसेल तर चिठ्ठी लिहा, मेसेज करा, पण मुलामार्फत नको. वाद बंद दाराआड मिटला, तर दोघांपैकी एकाने त्याला सांगा : "काल घराच्या हप्त्यावरून आमचं वाजलं. तुझ्यामुळे नाही. आता शनिवारी बसून ठरवणार आहोत." एवढं पुरे. चूक कोणाची हे सांगायचं नाही. मिटला नसेल तर मिटल्याचं सोंगही नको, या वयाची मुलं ते लगेच ओळखतात. सोमवारी दुखलं तर गरम पाण्याची पिशवी द्या आणि शाळेत पाठवा. घरी राहिलाच तर टीव्ही आणि मोबाइल बंद. दिवसभर "आता कसं वाटतंय?" विचारत राहू नका.

घरात हात उगारला जात असेल, तर वर लिहिलेलं काही लागू नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : दुसरं बाळ झाल्यापासून पाच वर्षांची मोठी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते. आधी वर्षभर कोरडी होती.
– एक आई, वाशी

उत्तर : लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर आधी बघून घ्या. खूप तहान लागत असेल तर त्याच दिवशी. बद्धकोष्ठ आहे का तेही पाहा, ते फार जणांच्या लक्षातच येत नाही. हे सगळं ठीक असेल तर बाळाच्या येण्याने हे होऊ शकतं, आणि सहसा आपोआप थांबतं. "आता तू ताई झालीस ना" हे वाक्य काही दिवस घरात कोणी उच्चारू नका. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं बाळ बाबांकडे द्या आणि तुम्ही फक्त तिच्यासोबत राहा. गादीवर रबरी चादर, तिच्यावर साधी चादर, मग पुन्हा रबरी आणि पुन्हा साधी, असे थर आधीच घालून ठेवा. मध्यरात्री वरचे दोन काढले की झालं, दिवा लावून आख्खं घर उठवायला नको. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा दिवसाही कपडे ओले होऊ लागले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.