ग्लास-लाइन्ड रिॲक्टरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

सातपूर किंवा अंबडच्या रासायनिक कारखान्यात रुजू होणाऱ्या नव्या ऑपरेटरने, माझ्या मते, पंपांच्याही आधी ग्लास-लाइन्ड रिॲक्टर (आतून काच चढवलेले, रासायनिक अभिक्रियेचे पोलादी भांडे) समजून घ्यावा, कारण त्याच्या आतील काचेचा थर साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचाच असतो आणि तो तडकला की हायड्रोक्लोरिक आम्ल थेट पोलादापर्यंत पोहोचते. नाशिकच्या हिवाळ्यात, विशेषतः पहाटे, भांडे गारठलेले असताना जॅकेटमध्ये (भांड्याभोवतीच्या, तापवण्या-थंडावण्यासाठीच्या बाह्य आवरणात) एकदम वाफ सोडू नये, नाहीतर काच तडकू शकते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि तापमानातील किती फरक चालतो हे निर्मात्याच्या तक्त्यातच पाहावे, जुन्या सहकाऱ्याच्या अंदाजावर विसंबू नये. (तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, हीच खरी अडचण आहे.) हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खाते आणि गरम, तीव्र कॉस्टिक सोड्यानेही तिची झीज होते, म्हणून भांडे कशाने धुवायचे हे आधी विचारून घ्यावे. बाहेरच्या कवचावर वेल्डिंग होऊ देऊ नये. मॅनहोलमधून पाना आत पडलाच, तर ते लपवू नये. भांडे रिकामे करून, धुऊन व कोरडे करून, आत ज्वलनशील बाष्प उरले नसल्याची खात्री झाल्यावरच स्पार्क टेस्ट (विजेच्या ठिणगीने काचेतील तडे शोधणारी चाचणी) करून घ्यावी. इजा लहान असल्यास टँटलम या आम्लाला टिकणाऱ्या धातूच्या प्लगने दुरुस्ती होऊ शकते.